माकडाच्या मेंदूतला वास शोधताना: एफएमआरआय की पेट?

एफएमआरआयमध्ये (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल दाखवणारा चुंबकीय स्कॅन) काही सेकंद वास सोडला की प्रतिसाद दिसतो; एकाच सत्रात अनेक वास तपासता येतात. पण डोकं स्थिर हवं, म्हणजे आधी बरीच सवय लावणं आलं. भूल द्यावी तर श्वासनळीत नळी, मग नाकातून हवाच जात नाही. ती पंपाने ओढावी लागते. खरा वैताग वेगळाच: मेंदूतला डोळ्यांच्या वरच्या बाजूचा वासाचा भाग हवेच्या पोकळ्यांलगत, तिथलाच सिग्नल गळतो. आणि नळ्या टेफ्लॉनच्या घ्या, रबर वास धरून बसतं.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरीन-18 जोडलेलं ग्लुकोज टोचायचं (मेंदूचा जास्त काम करणारा भाग ते जास्त घेतो, तेच स्कॅनमध्ये दिसतं), माकड पिंजऱ्यातच जागेपणी 30-40 मिनिटं वास घेतं, भूल नंतर, स्कॅनच्या वेळी. फ्लोरीन-18चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे 110 मिनिटं, त्यामुळे सायक्लोट्रॉन (ते बनवणारं यंत्र) जवळ हवा. एका टोचणीत एकच वास, तोही थांबून-थांबून, नाहीतर नाक सरावतं. नैसर्गिक वागणूक बघायची तर मी पेटच निवडेन.