जांघेत कळ, कडेवर पोर: माहेरी जावं की आपल्याच घरी राहावं?

दुसऱ्या वेळेस पाचवा महिना लागला होता. सकाळी सलवार घालायला एका पायावर उभी राहिले आणि पुढच्या हाडात अशी कळ निघाली की भिंत धरून खालीच बसले. बसल्यावर कळलं, उठणं त्याहून अवघड आहे. पोरगी तेव्हा पावणेदोन वर्षांची, साडेदहा किलोची. आई घोडा झाली असं समजून ती पाठीवर चढायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "हाडं मोकळी व्हायला लागली." फोनवर माय म्हणाली, "पोरीले उचलू नको व माय, सरळ आठे निंघी ये." आणि ज्यांच्याकडे तपासायला गेले त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गरोदरपणात दुखणारच."

तिघींपैकी मायनेच काहीतरी ठरवायला लावलं. आम्ही जळगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. माहेर पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी अशी रीत, पण रीत काही पोरगी उचलायला येत नाही. नंतर अशाच कात्रीत सापडलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, "तू काय केलंस?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखणं काय आहे ते थोडक्यात. डॉक्टर याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. कमरेच्या सांगाड्याला मागे दोन सांधे आणि पुढे, जांघांच्या मध्ये, एक सांधा. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाने सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचं वजन पुढे येतं, चाल बदलते आणि हे सांधे सारख्या प्रमाणात हलत नाहीत. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. पहिल्या वेळेस झाला असेल, कंबर आधीच दुखरी असेल किंवा अंगमेहनतीचं काम असेल, तर शक्यता वाढते. बाळाला यातून धोका नाही. पण एका पायावर भार आला, पाय फाकले किंवा वजन एकाच कडेवर घेतलं की सांधा ओरडतो. आता लहान पोर सांभाळताना दिवसभर आपण नेमकं काय करतो? हेच तिन्ही.

म्हणून मी एक दिवस वहीत रेघा मारल्या. पोरगी किती वेळा उचलली: 27. जमिनीवर किती वेळा बसून उठले: 19. जिना: दोनदा खाली, दोनदा वर. हा हिशेब हाताशी नसता तर मी 'माझ्यावर जास्त माया कोणाची' यावर निर्णय घेतला असता आणि चुकले असते. मायेचा इथे प्रश्नच नाही. जिथे या रेघा कमी होतील ते घर बरं.

माहेरची बाजू

माहेरी हात भरपूर. आई, वहिनी, शेजारची काकू, भावाची दोन पोरं. पोरगी सकाळी ओट्यावर गेली की जेवायलाच परत येते. उचलायच्या रेघा 27 वरून 5-6 वर येतात, आणि हा फायदा इतका मोठा आहे की बाकी सगळं विसरावंसं वाटतं. शिवाय आयती कळण्याची भाकरी.

पण खेड्यातलं घर जमिनीवर चालतं. जेवण खाली मांडी घालून, भाजी निवडणं खाली, गप्पा खाली. संडास देशी बैठकीचा. न्हाणीत बुटका पाट, त्यावर गुडघे फाकून बसायचं. झोपायला बाज, आणि बाजेची दोरी सैल असेल तर कंबर झोळीत पडल्यासारखी खचते, कूस बदलताना जीव जातो. उन्हाळ्यात तर सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, खाली वीज गेलेली, आणि वर जायला उभी शिडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चार दिवस जाऊन आले तेव्हा उचलायच्या रेघा 6 होत्या आणि जमिनीवरच्या 30 च्या वर. चौथ्या रात्री कुशीवर वळता येईना.

दुसरी अडचण मनातली. माहेरी आलेल्या लेकीला काम सांगत नाहीत हे खरं, पण वहिनी घामाघूम होऊन भाकरी थापत असताना आपल्याच्याने बसवत नाही. "आण, चार मी थापते" म्हणत आपण चुलीपुढे उकिडवं बसतो. दुखणं दिसत नाही ना. पाय मोडला असता तर कोणी बसू दिलं नसतं.

आपल्या घरची बाजू

फ्लॅटमध्ये सोय सांध्याच्या बाजूची आहे: पलंग, खुर्ची, कमोड, उभ्याचा ओटा. जमिनीवरच्या रेघा ठरवल्या तर निम्म्याने कमी होतात. तपासणाऱ्या डॉक्टर जवळ, सोनोग्राफी जवळ, फिजिओथेरपी रिक्षाच्या अंतरावर. पण हात दोन, तेही आपलेच. नवरा सकाळी नऊला जातो तो सातला येतो. पोरगी सकाळी अकरालाच कंटाळते आणि कडेवर घे म्हणून हात वर करते. तिथे तत्त्वज्ञान चालत नाही.

इथे मी बरीच खटपट केली आणि थोडी जमली. उभ्याने उचलण्याऐवजी मी पलंगावर बसायचे आणि ती बुटक्या स्टुलावरून चढून मांडीत यायची. आठवड्याभरात तिला त्याची इतकी गंमत वाटायला लागली की ती स्वतःच स्टूल ओढत आणायची. कपडे-लंगोट जमिनीवर बदलणं बंद, सगळं पलंगाच्या काठाशी. अंघोळीला ती पाटावर उभी, मी प्लास्टिकच्या खुर्चीत. उचलावंच लागलं तर दोन्ही हातांनी छातीशी धरून, कडेवर नाही. पाण्याच्या दिवशी कमरेवर हंडाही नाही, तो कडेवरच्या पोराचाच भाऊ. केर आणि फरशी नवऱ्याने रात्री करायची असं ठरलं. तो चार दिवस विसरला, पाचव्या दिवशी केर तसाच पाहून शेजारीण काय म्हणेल या भीतीने त्याला आठवलं.

जिना मात्र काही केल्या सुटत नाही. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना दुखणारा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. पोरगी कठडा धरून आपली आपण. दोन मजल्यांना पाच मिनिटं लागायची, म्हणून दिवसातून एकदाच उतरायचं ठरवलं.

बाई लावायची की नाही? माझं मत: पैसे थोडेच असतील तर धुण्या-भांड्याच्या बाईपेक्षा संध्याकाळी दोन तास पोर खेळवणारी मुलगी ठेवा. भांडी उभ्याने निम्मी-निम्मी घासता येतात, पोर निम्मं उचलता येत नाही. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपासून, त्यामुळे दीड-दोन वर्षांच्या पोराला तिचा आधार धरू नका. त्या वयाला घरी न्यायचा आहार मिळतो, तेवढाच.

तिसरा मार्ग: आईलाच बोलवायचं

मी शेवटी हे केलं. घर माझं, हात आईचे. रेघांच्या हिशेबात हा मार्ग दोघांनाही मागे टाकतो: उचलणं 8, जमीन 4. पण फुकट पडत नाही. आईच्या घरचं दूधदुभतं, वडिलांचं जेवण, कापसाचे दिवस असतील तर वेचणीची माणसं, हे सगळं वहिनीवर पडतं. आईला फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होतं. सासूबाई आल्या की त्या आणि आई एका स्वयंपाकघरात, फौजदारी डाळीत मिरची किती यावरून दोन दिवस अबोला. आईचेही गुडघे साठीचे आहेत हे मला तिसऱ्या आठवड्यात दिसलं, तेव्हा लाज वाटली. म्हणून बोलवायचं तर सहा-सात आठवडे सलग नको. आधी पंधरा दिवस, मग प्रसूतीच्या सुमारास पुन्हा. मधल्या दिवसांत नणंद किंवा मोठी जाऊ आठवड्यातून दोन दुपारी आली तरी निभतं.

कोणाला काय? तुमचं घर तळमजल्यावर, आणि दिवसा एक तरी माणूस असेल तर हलू नका. घरात दिवसभर तुम्ही आणि पोर दोघंच, वर जिना, आणि बोलवायला कोणी नाही, तर माहेरी जा. पण जाण्याआधी माहेरचं घर तयार करून घ्या, त्याबद्दल खाली लिहिते. आई येऊ शकत असेल तर तिसरा मार्ग, मुदत ठरवून.

जाणार असाल तर दवाखान्याचाही विचार करावा लागतो. दुसऱ्या वेळेस कळा बहुधा पहिल्यापेक्षा लवकर सरकतात. माहेरापासून प्रसूतीची आणि गरज पडली तर सिझरची सोय किती अंतरावर आहे, रात्री गाडी कोणाची, हे आधी बघा. सरकारी दवाखान्यात प्रसूती करायची असेल तर 102 ची गाडी घरून नेते-आणते, पैसे नाहीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे माहेरी असतानाही जाता येतं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. प्रवासात गाडीत बसताना आधी सीटवर टेकायचं, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की सहज वळता येतं. एसटीची पहिली पायरी उंच असते, तिथे पोर दुसऱ्याच्या हातात.

पट्टा, व्यायाम, गोळी, आराम

यात मी फार वेळ घालवणार नाही, कारण यातलं काहीही रेघा कमी करत नाही. पोट उचलून धरणारा रुंद पट्टा वेगळा आणि कमरेच्या हाडांभोवती, पोटाच्या खाली बसणारा अरुंद पट्टा वेगळा. या दुखण्याला दुसरा. फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या, चालायच्या-कामाच्या वेळेपुरता लावा. आमच्याकडच्या मे महिन्यात दिवसभर लावलात तर दुखण्यापेक्षा घामोळ्यांनी रडाल. पट्टा आणि फिजिओ यांपैकी एकालाच पैसे असतील तर फिजिओच्या दोन-तीन भेटी घ्या. कुल्ल्याचे, पोटाचे, ओटीच्या तळाचे स्नायू कसे वापरायचे ते एकदा शिकलं की घरी करता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करा.

पूर्ण पडून राहणं हा उपाय नाही. स्नायू आणखी ढिले पडतात. दुखेल तिथे थांबायचं, बाकी हिंडत-फिरत राहायचं. झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. वळताना गुडघे जुळवून.

मेडिकलमधून 'कंबरदुखीची गोळी' मागू नका. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा त्याच जातीचं औषध असतं. डॉक्टरांनी स्वतः दिलं नसेल तर गरोदरपणात ते नको, आणि विसाव्या आठवड्यानंतर तर त्याने बाळाच्या किडनीला त्रास होऊ शकतो. लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीचा माफक शेक चालतो, पोटाला नको. मालिशवाल्या बाईने पाय ओढून "हाड बसवते" म्हटलं तर हात जोडून नको म्हणा.

रक्तस्राव, पाणी जाणं, महिने भरायच्या आधी ठरावीक अंतराने पोट कडक होणं, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी होणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, पाय बधिर पडणं किंवा लघवीवर ताबा न राहणं: हे या दुखण्यातलं नाही. सरळ दवाखाना गाठा, गाडी नसेल तर 108.

आठव्या महिन्यात एक काम नक्की करा. पलंगावर पडून, दुखायला लागेपर्यंत गुडघे किती दूर जातात ते टेपने मोजा आणि तो आकडा प्रसूतीच्या वेळी नर्सला, डॉक्टरांना सांगा. पाय त्यापेक्षा जास्त फाकवायला लागू नयेत म्हणून कुशीवर किंवा गुडघ्यांवर टेकून बाळंतपण करता येतं का, हे आधीच विचारा. नुसत्या या दुखण्यासाठी सिझर लागतंच असं नाही.

आता माहेर तयार करायचं म्हणजे काय. निघायच्या आठवडाभर आधी फोन आईला नाही, भावाला करा. आईला केला तर ती "ये तर खरी, बघू मग" म्हणेल. भावाला नेमकं सांगा: देशी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकल दुकानातून आण. न्हाणीत प्लास्टिकची उंच खुर्ची, पाट नको. बाजेची दोरी आवळून घे, नाहीतर लाकडी पलंग खालच्या खोलीत काढ, मी गच्चीवर येणार नाही. जेवायला टेबल नसेल तर शिलाई मशीनचं चालेल. आणि वहिनीला आधीच सांगून ठेव की मी चुलीपुढे बसणार नाही, भाजी चिरीन ती खुर्चीत बसून. पुढे मी माहेरी गेले तेव्हा माझ्या भावाने यातलं सगळं केलं, फक्त कमोडची खुर्ची आणायला लाजला. ती शेवटी वडिलांनी सायकलला बांधून आणली.