अमळनेरचा लॅपटॉपवाला: कार्ड बदललं नाही, नंबर बदलला

आधीच सांगतो, लांबलचक लिहिणारे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा की अमळनेरात बाजारपेठेत रसवंतीच्या शेजारी जे लॅपटॉप-प्रिंटरचं बारकं दुकान आहे तिथे बिनधास्त जा, ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते पुढे येईल. नाव टाकत नाही कारण त्यानेच नको म्हटलं, "भाऊ आधीच फोन उचलायला टाईम नाही, अजून लोक पाठवू नका". असा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

तर झालं काय, मी पुण्याच्या एका कंपनीत आहे, घरून काम, महिन्यातून एकदा ऑफिसला तोंड दाखवायचं. लॅपटॉप कंपनीचा, मागे स्टिकर, अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांच्याकडे, म्हणजे घड्याळाची वेळ बदलायची तरी विचारावं लागतं. कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, लॅपटॉपची खेप तिकडूनच येते (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल). घर आमचं जुनं, धाब्याचं, मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, उन्हाळ्यात एसी लागत नाही पण मोबाईलची रेंज सुद्धा दारात चप्पल काढून आत येते. राउटर ओसरीत, मी मागच्या खोलीत.

फेब्रुवारीपासून लॅपटॉपने नाटक सुरू केलं. सकाळी झाकण उघडलं की वाय-फाय आपोआप जोडलं जायचं ते बंद झालं. रोज नाही, कधी कधी, आणि हे कधी कधीच जास्त डोकं खातं, कारण दाखवायला गेलं की नेमकं चालू असतं. मग मी लॅपटॉप रिस्टार्ट कर, राउटर बंद-चालू कर, दोन्ही एकदम कर, एकदा तर आईने सांगितलं म्हणून अगरबत्ती पण लावली. कधी जमायचं कधी नाही. नाही जमलं की मोबाईलचा हॉटस्पॉट. रोजचा दोन जीबी डेटा दुपारी जेवायच्या आत संपायचा आणि दोनच्या मीटिंगला माझा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजलेला.

कंपनीच्या हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. पहिला प्रश्न, रिस्टार्ट केला का. केला. मग म्हणे रिमोटवर घेऊन बघतो. आता नेट नाही म्हणून तर तिकीट टाकलंय, तर रिमोटसाठी नेट आणू कुठून? हॉटस्पॉटला जोडलं, त्याने बघितलं, म्हणाला सर इंटरनेट तर चालू आहे. तिकीट बंद! तिसऱ्या तिकिटाला कोणीतरी नेटवर्क रिसेट मारला. आता विंडोजचा नेटवर्क रिसेट म्हणजे घराला रंग द्यायला सगळं सामान अंगणात काढण्यासारखं आहे, सेव्ह केलेले सगळे वाय-फाय पासवर्ड उडतात आणि व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायची सोय) असेल तर ते पण परत टाकावं लागू शकतं. माझं उडालं. दीड दिवस काम बंद, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे.

मग जळगावला एका कामाला गेलो होतो तर तिथे एका दुकानात दाखवला. तिथे त्यांच्या वाय-फायला पटकन जोडला गेला. मालक म्हणाला आतलं वाय-फायचं कार्ड वीक झालंय, जवळ पकडतं लांबून पकडत नाही, २५०० लागतील, आत्ता खोलू का? स्क्रू ड्रायव्हर हातातच होता त्याच्या. मागचं स्टिकर बघून मला घाम फुटला, कंपनीचा माल आहे, खोलला तर वॉरंटी आणि नोकरी दोन्ही धोक्यात. उचलला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

या दुकानाचं मावसभावाने सांगितलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी फोन केला (सातव्यांदा उचलला), म्हणाला पाच वाजता घरीच येतो, लॅपटॉप दुकानात आणू नका, राउटर तुमच्या घरी आहे ना मग दुकानात काय बघू. हे वाक्य ऐकूनच मला बरं वाटलं खरं तर. आला आठला. एक स्टार इथे गेला. येतो म्हणून येत नाही, फोन केला तर "निघालो" म्हणतो आणि मागे दुकानातल्या प्रिंटरचा आवाज येत असतो.

पण आल्यावर जे केलं ते बघण्यासारखं होतं. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, बॅगेत फक्त एक वायर आणि मोबाईल. लॅपटॉपला हात लावायच्या आधी विचारलं, "जोडत नाही तेव्हा लिस्टमध्ये तुमच्या वाय-फायचं नाव दिसतं का? की नावच नसतं?" मी गप्प. तीन महिने मी कनेक्ट होत नाही, कनेक्ट होत नाही म्हणून बोंबलतोय आणि हे एकदाही नीट बघितलं नव्हतं. तो म्हणाला दोन वेगळे आजार आहेत. नाव दिसतं पण जोडत नाही, तर ती आपोआप कनेक्टची टिक नसेल, पासवर्ड बदललेला असेल, किंवा तुम्ही स्वतः डिस्कनेक्ट दाबलेलं असेल, मग विंडोज समजतो की मालकालाच नको आहे. नावच दिसत नाही तर टिक करून काय उपयोग, जो दिसत नाही त्याला जोडणार कसा.

मग ओसरीत जाऊन त्याने राउटरचं बटण बंद-चालू केलं. पाच मिनिटांनी परत. परत. महावितरणची नक्कल चाललीय म्हणून वडील हसायला लागले. चौथ्यांदा माझ्या खोलीत लॅपटॉपच्या लिस्टमधून आमचं नाव गायब, शेजारच्या नानांचं दिसतंय, समोरच्या किराणावाल्याचं दिसतंय, आमचं नाही. आणि त्याच खोलीत माझ्या मोबाईलवर मात्र ठणठणीत. त्याने मोबाईलमधलं एक अ‍ॅप उघडलं, कोणता वाय-फाय कोणत्या चॅनलवर (रेडिओच्या स्टेशनसारखंच) आहे ते दाखवणारं, आणि बोट ठेवलं: चॅनल १३.

"भाऊ, तुमना लॅपटॉप बिघडेल नही शे, तो तेरा नंबरले आंधया शे."

समजावलं ते असं. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला आपल्याकडे १ ते १३ नंबरचे चॅनल चालतात. अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच वापरतात, म्हणून तिकडच्या नियमाने बांधलेलं वाय-फाय कार्ड बरेचदा १२ आणि १३ बघतच नाही. मोबाईल इथला, त्याला सगळं दिसतं. आमचा राउटर चॅनलच्या बाबतीत ऑटोवर, म्हणजे दर वेळी चालू होताना कुठे गर्दी कमी आहे ते हुंगतो आणि तिथे जाऊन बसतो. गल्लीत सगळे १ आणि ११ वर कोंबलेले, मग तो कधी ६ वर बसायचा तर कधी पार टोकाला १३ वर. लाईट गेली की राउटर बंद, आली की परत निवड, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते हे काय सांगायला नको. म्हणजे माझा लॅपटॉप सकाळी जोडला जाईल की नाही हे रात्री लाईट गेली होती की नाही यावर चाललं होतं, आणि मी रिस्टार्टला श्रेय देत बसलो होतो.

मग तोच लॅपटॉप ओसरीत नेला की कसा चालायचा? तर राउटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा पण आहे, त्याच नावाने. ओसरीत लॅपटॉप ते पकडायचा. पण ५ गिगाहर्ट्झला भिंत सोसत नाही आणि आमच्या भिंती म्हणजे विचारू नका, मागच्या खोलीत ते पोचायचंच नाही. जळगावच्या दुकानदाराचं "जवळ पकडतं लांबून नाही" निरीक्षण बरोबर होतं, त्यावरून काढलेलं रोगाचं निदान तेवढं चुकलं. दोष कार्डात नव्हताच, २५०० वाचले.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनल ऑटोवरून काढून ६ वर पक्का केला, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवली. दोन मिनिटं. लॅपटॉपला अजून हात लावला नव्हता हे बघा!

दुसरी भानगड माझीच. हॉटस्पॉट मी आपोआप कनेक्टवर सेव्ह करून ठेवलेला. लाईट आल्यावर राउटरला नेट धरायला वेळ लागतो, तेवढ्यात लॅपटॉप हॉटस्पॉटला जाऊन चिकटतो, आणि विंडोज एकदा एका ठिकाणी जोडला गेला की दुसरं चांगलं आलं म्हणून आपणहून उडी मारत नाही. म्हणून घरचं नेट चालू असताना पण माझा मोबाईल डेटा जळत होता. वाय-फायच्या सेटिंगमध्ये सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी असते तिथे जाऊन हॉटस्पॉटची टिक काढली, घरच्याची लावली. याला अ‍ॅडमिन पासवर्ड लागला नाही.

तिसरी गोष्ट त्याने केली नाही, आणि मला हे सगळ्यात आवडलं. विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाला एक टिक असते, वीज वाचवायला हे बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची, झोपेतून उठल्यावर तिच्यामुळे पण कधी कधी त्रास होतो. तिथे पासवर्ड मागितला. बायपास करायच्या युक्त्या या पोरांना माहीत असतात, पण तो म्हणाला कुलूप तुमच्या कंपनीचं आहे, मी नाही तोडणार, तुम्ही हेल्पडेस्कला हेच शब्द लिहून पाठवा. पाठवले. नेमकं काय करायचं ते लिहिलेलं असल्यामुळे त्यांनी पण दहा मिनिटांत केलं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. जाता जाता म्हणाला, एका ताईंच्या ऑफिस लॅपटॉपला लॅनची वायर लावली की वाय-फाय आपोआप सुटायचं, त्यांनी दोन दुकानं फिरली, आणि ते कंपनीनेच मुद्दाम तसं लावून ठेवलेलं होतं.

ज्या गावात १९४५ साली विप्रो वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली (मी त्यांच्याकडे नाही, गैरसमज नको) त्या गावात मी वाय-फायसाठी जळगाव गाठत होतो, असं वडील आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

पैसे ३००, घरी येण्याचे धरून. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर "३०० मिळाले" एवढा मेसेज, कंपनीकडून परत मिळवायचे असतील त्यांनी आधीच पक्कं बिल मागा. दुकानातले माऊस-कीबोर्ड मला महाग वाटले, ते दुसरीकडून घ्या. आईने दुसऱ्या दिवशी आखाजीला खापरावरच्या पोळ्या आणि आमरस खायला बोलावलं, तिथे मात्र दिलेल्या वेळेच्या आधी हजर.

गेल्या आठवड्यात नेटवाल्यांनी राउटर बदलून दिला. दुसऱ्याच दिवशी सकाळी लॅपटॉपवर नाव गायब. या वेळी मी लॅपटॉपला बोट लावलं नाही, राउटरच्या मागचा स्टिकर वाचला, मोबाईलवरून राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो, चॅनल ऑटोवर होता, ६ केला. त्याला फोन करून सांगितलं (पहिल्या रिंगला उचलला, कमाल आहे) तर म्हणतो, "आते मना धंदा बुडावशात का भाऊ?"