नोकरी न सोडता एम.टेक. : बिट्स पिलानीचा विल्प, चाकणवाल्यांसाठी रिव्ह्यू

झालं असं की मी साहेबांकडे राजीनाम्याचं बोलायला गेलो होतो. गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर बरा आला होता, पुण्यातल्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात फुल टाइम एम.टेक. करायचं डोक्यात होतं, महिना 12,400 च्या स्टायपेंडमध्ये कोथरूडचं भाडं आणि मेस कसं बसवायचं ते गणित काही जुळत नव्हतं, तरी जायचं ठरवलेलं. साहेब म्हणाले, थांब जरा, एचआरकडे एक स्कीम पडून आहे, कोणी विचारायलाच येत नाही. ती म्हणजे बिट्स पिलानीचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम, सगळे त्याला विल्प म्हणतात. त्यातलं ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगचं एम.टेक., अर्धी फी कंपनीची. आणि गेट लागतच नाही! हसू की रडू कळेना.

तर कोर्स चार सेमिस्टरचा. तीन सेममध्ये विषय, चौथ्यात डिझर्टेशन म्हणजे प्रबंध, तेही आपल्याच कंपनीतल्या कामावर. लेक्चर ऑनलाइन लाइव्ह, बहुतेक शनिवार-रविवार. इथेच आपली गोची आहे, कारण आमची चाकणच्या कारखानेवाल्यांची सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांना हे दुःख कळायचं नाही. रेकॉर्डिंग मिळतं म्हणून निभावलं. संध्याकाळी तळेगाव चौकात कंपनीची बस जेवढा वेळ उभी असते तेवढ्यात बरंच लेक्चर उरकतं, चाकणच्या ट्रॅफिकचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला. पण शंका विचारायला लाइव्हच पाहिजे, त्यासाठी साहेबांना मस्का लावून रविवारची सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो.

परीक्षा दोन, मिड-सेम क्लोज्ड बुक आणि शेवटची ओपन बुक. ओपन बुक ऐकून खुश होऊ नका, पुस्तकात जे सरळ सापडेल ते विचारतच नाहीत.

मला खरा फायदा झाला तो फायनाइट एलिमेंटचा, म्हणजे पार्टचे कॉम्प्युटरवर बारीक तुकडे (मेश) करून त्यातला ताण काढायच्या पद्धतीचा. आम्ही सीएईवाले, म्हणजे पार्टची मजबुती कॉम्प्युटरवर तपासणारे, काय करतो, मेश करतो, सॉल्व्ह दाबतो, लाल (म्हणजे जास्त ताण) दिसलं की जाडी वाढवतो. धारदार आतल्या कोपऱ्यात मेश जितका बारीक करावा तितका स्ट्रेस वाढतच का जातो, तो आकडा खरा मानायचा की नाही, हे नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं. डिझर्टेशनला मी फ्युएल टँकचा ब्रॅकेट घेतला, जो वेल्डपाशी क्रॅक होऊन परत परत आमच्याच डोक्यावर येत होता. जाडी वाढवून बघून झाली होती, क्रॅक जरा पुढे सरकायचा एवढंच. मग नीट मोजलं तर ब्रॅकेटची नॅचरल फ्रीक्वेन्सी (धक्का बसला की तो ज्या गतीने आपोआप थरथरतो ती) रस्त्याच्या हादऱ्यांच्या पट्ट्यात येऊन बसलेली. जाडी मूळचीच ठेवली, प्रेसमध्ये एक बीड (पत्र्यात दाबून काढलेली उभार रेघ) टाकली, फ्रीक्वेन्सी वर सरकली आणि शेकर टेस्ट, म्हणजे मशीनवर हादरे देऊन होणारी चाचणी, पास. वजन वाढलं नाही म्हणून कॉस्टिंगवालेसुद्धा गोड बोलले, हे दुर्मिळ आहे.

म्हणून माझं मत असं आहे की या डिग्रीत युनिव्हर्सिटीपेक्षा तुमचा मेंटॉर जास्त महत्त्वाचा. अर्ज करतानाच कंपनीतला मेंटॉर दाखवावा लागतो, आणि बहुतेक जण सही पटकन देईल असा माणूस पकडतात. माझा मेंटॉर टेस्ट लॅबचा, खडूस म्हणून प्रसिद्ध, प्रत्येक ग्राफवर विचारायचा, बाळा हे तू मोजलंस की सॉफ्टवेअरने सांगितलं? शेकरवर स्लॉट पण त्यानेच मिळवून दिला. माझ्याच बॅचच्या एका मित्राला सहीवाला मेंटॉर मिळाला, त्याच्या हातात शेवटी चकचकीत पीपीटी आणि डिग्री, बाकी काही नाही.

कॅम्पस लाइफ शून्य, ती हौस असेल तर हे घेऊ नका. आई अजूनही विचारते, कॉलेज नेमकं आहे कुठे? शिवाय लग्नकार्यं, ट्रेक, सगळ्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा. कामात खरा टेक्निकल प्रॉब्लेम हातात असेल तर पाचपैकी चार स्टार, फक्त नावापुढे एम.टेक. लावायचं असेल तर दोन.

फीचं मात्र कंपनीशी लेखी करून घ्या, आणि बॉन्ड कधीपासून मोजणार ते आधी विचारा. आमच्या एचआरने तोंडी दोन वर्षं सांगितलं, कागदावर निघालं डिग्री हातात पडल्यापासून दोन वर्षं. कंपनीचं नाव टाकत नाही, बॉन्ड अजून चालू आहे.