युद्धनौकांच्या प्रश्नांची पेटी: दहा महिने खेळून झाल्यावर

पेटी घ्यायला हरकत नाही. फक्त शेजारी एक पेन्सिल ठेवा, काही उत्तरं खोडावी लागतात. आमच्या पेटीतली ११ खोडून झाली आहेत आणि त्यातल्या तीन उत्तरांवरून घरात भांडणं झाली.

मागच्या दिवाळीत घेतली. ३०० पत्ते आहेत. पुढच्या बाजूला जुन्या युद्धनौकेविषयी एक प्रश्न, पाठीमागे एका ओळीचं उत्तर, सगळं इंग्रजीत. खेळणारे आम्ही तिघं: मी, आठवीतली लेक आणि माझे सासरे. आप्पा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात ३४ वर्षं फिटर होते. त्यांच्या तोंडी ती अजून ‘गोदी’च. नवरा खेळत नाही, तो चहा करतो आणि मधेच उत्तर बोलून डाव नासवतो.

सोबतच्या पुस्तिकेत गुण मोजण्याचे नियम दिलेत ते विसरा. आम्ही ते दोन दिवस पाळले. खरी अडचण महिन्याभराने येते. लेकीला पत्ते पाठ झाले. ‘हूड बुडाली तेव्हा किती वाचले?’ असं मी अर्धं वाचेपर्यंत ती ‘तीन’ म्हणून मोकळी. त्या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या १४१८ माणसांपैकी तीन, ही काय पटकन ओरडून सांगायची गोष्ट आहे का? पण खेळ तसाच आहे, उत्तर आलं की पत्ता बाजूला. जानेवारीत पेटी कपाटावर गेली होती आणि मी पैसे वाया गेले म्हणून गप्प बसले होते.

ती खाली उतरली ती एका तारखेमुळे. लेक पत्ते रंगांप्रमाणे लावत बसली होती, तिच्या लक्षात आलं की २१ ऑक्टोबर तीन पत्त्यांवर आहे. १७९७ मध्ये त्या दिवशी बॉस्टनला अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ पाण्यात उतरली. १८०५ मध्ये त्याच दिवशी ट्रफाल्गरची लढाई झाली, ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन आपल्या ‘व्हिक्टरी’वर मारला गेला. आणि १९६७ मध्ये इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र-नौकांनी इस्रायलची ‘एलात’ बुडवली, क्षेपणास्त्राने बुडालेली ती पहिली मोठी युद्धनौका. तारीख जुळणं हा योगायोगच, पण आप्पांनी तिसरा पत्ता हातात घेतला आणि म्हणाले, “याच्यापुढे अजून एक पत्ता लागतो.” त्यांनी पेटीतून ४ डिसेंबर १९७१ चा शोधून काढला. ‘एलात’वर जी रशियन क्षेपणास्त्रं पडली, त्याच जातीची क्षेपणास्त्रं घेऊन ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर गेल्या होत्या. पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका बुडता बुडता बिनतारीवर सांगत होती की आपल्यावर विमानांनी हल्ला केलाय. एवढ्याशा बोटीतून असं काही येऊ शकतं हे अजून कोणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ‘एलात’ आणि ‘खैबर’ या दोन्ही मूळच्या ब्रिटिश नौका. एक ‘झेलस’, दुसरी ‘कॅडिझ’.

तेव्हापासून आमचा खेळ बदलला. एक पत्ता मध्ये ठेवायचा, पुढच्याने त्याला जोडणारा पत्ता लावायचा आणि जोड कशी ते तोंडाने सांगायचं. पटलं नाही तर पत्ता परत. हा नियम पुस्तिकेत नाही, पण पेटीचे पैसे यानेच वसूल झाले.

आमच्या घरातली सर्वांत लांब साखळी सांगते. कोणी विकत घेणार असेल तर एवढी फुकट घ्या.

सुरुवात पुन्हा ‘कॉन्स्टिट्यूशन’. तिचा एक पत्ता म्हणतो की २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिने ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची वेगवान युद्धनौका, हरवली. उत्तर एवढंच. दुसऱ्या रंगातला, अगदी वेगळ्या गठ्ठ्यातला पत्ता विचारतो: ‘ब्रिटनची आजही तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका कुठे बांधली गेली?’ उत्तर: मुंबई. ‘त्रिंकोमाली’, मलबारच्या सागवानाची, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हातची, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली. आज ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आहे. हे दोन पत्ते एकमेकांना ओळखतात असं पेटी कुठेच सांगत नाही. पण ‘त्रिंकोमाली’चे नकाशे मुंबईला घेऊन निघालेलं जहाज ‘जावा’च होतं! अमेरिकन कप्तान बेनब्रिजने तिची दुरुस्ती अशक्य म्हणून ती पेटवून दिली, नकाशे गेले आणि मुंबईच्या गोदीला लंडनहून दुसरी प्रत येईपर्यंत थांबावं लागलं. जाळण्याआधी बेनब्रिजने ‘जावा’चं सुकाणूचक्र मात्र काढून आपल्या जहाजाला लावलं, कारण त्याचं स्वतःचं लढाईत उडालं होतं.

‘जावा’च्या पोटात तांब्याचे पत्रेही होते, मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी. हे कळल्यावर आप्पा खुलले. गोड्या-खाऱ्या पाण्यातला फरक, लाकूड पोखरणारा समुद्री किडा, शेवाळ, तळाला तांबं का मढवतात, यावर अर्धा तास. मी कंटाळले, लेक नाही. तिने तिथेच स्वीडनच्या ‘वासा’चा पत्ता टाकला. ती १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत, किनाऱ्यापासून जेमतेम १३०० मीटरवर बुडाली आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर आली. का? तर बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं मचूळ की तो किडा तिथे जगत नाही. जोड मान्य झाली. माझ्या मते हा त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला डाव होता, पण आप्पांनी त्यावरही कडी केली.

‘जावा’वर एक प्रवासी होता, लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून निघाला होता, वाटेत अमेरिकनांचा कैदी झाला. सुटला, नंतर हिंदुस्थानात आला, आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेला हरवणारा हिस्लॉप तो हाच. त्याच सालच्या ऑक्टोबरात ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली होती. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच्या नावाचं नाही. ते मिशनरी स्टीफन हिस्लॉपचं. माझी नागपूरची मावशी हे ऐकल्यावर जरा सैलावली.) हिस्लॉपचा पत्ता पेटीत नाही. आप्पांनी तो वाचनालयातून आणला आणि कोऱ्या पत्त्यावर लिहिला. पेटीत दहा कोरे पत्ते येतात, ते टाकू नका.

आता खोडलेल्या उत्तरांकडे येते. बरीचशी साधी आहेत. एका पत्त्यावर वेग ‘ताशी अमुक नॉट’ दिलाय. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, त्यात पुन्हा ताशी कशाला? दुसऱ्यावर नेल्सनचं प्रेत रमच्या पिंपातून आणलं असं आहे. ते ब्रँडीचं पिंप होतं, रमची कहाणी नंतर चिकटली. तिसरं ‘मिंडेन’चं. हीसुद्धा वाडियांनी मुंबईत बांधलेली, १८१० ची. पत्ता म्हणतो की अमेरिकेचं राष्ट्रगीत तिच्यावर बसून लिहिलं गेलं. ही कथा आपल्याकडेही मोठ्या अभिमानाने सांगतात, मीही शाळेत ऐकली होती. पण ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की बाल्टिमोरच्या त्या रात्री तहाचा झेंडा लावलेल्या अमेरिकन नौकेवर होता. खोडताना वाईट वाटलं, पण खोडलं. मुंबईच्या गोदीला उसन्या मोठेपणाची गरज नाही. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं ते त्या तहाने. हे खरं आहे आणि पेटीत नाही.

भांडण झालं ते कान्होजींवरून. पत्ता असा: ‘१८ व्या शतकात मुंबईजवळ धुमाकूळ घालणारा समुद्री चाचा कोण?’ उत्तर: आंग्रे. आप्पांनी पत्ता टेबलावर आपटला. मी आगीत तेल ओतलं. म्हटलं, “आप्पा, इंग्रजांच्या कागदात तसंच लिहिलंय ना, मग पत्तेवाल्यांचा काय दोष?” ते म्हणाले, “सूनबाई, पोर्तुगीज परवान्याचे पैसे घ्यायचे त्याला ते काय म्हणायचे?” कार्ताझ. पोर्तुगीज पूर्वीपासून जहाजांना कार्ताझ घ्यायला लावत, नसेल तर जहाज धरत. कान्होजींनी आपल्या किनाऱ्यावर स्वतःचा परवाना, दस्तक, लावला, तेही छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून. काम तेच, पण एकाला सत्ता म्हणायचं आणि दुसऱ्याला चाचेगिरी. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागवर चालून आले आणि हात हलवत परत गेले, त्यावर अर्थातच पत्ता नाही. मी हरले. ‘चाचा’ खोडून आप्पांच्या अक्षरात ‘सरखेल’ लिहिलंय.

तरी त्याच गठ्ठ्यातला विजयदुर्गाचा पत्ता चांगला आहे, हे मान्य करते. फेब्रुवारी १७५६, समुद्राच्या बाजूने ॲडमिरल वॉटसन, बरोबर क्लाइव्ह, आणि आत तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकमेकांना बांधून उभं. आग लागली ती ‘रेस्टोरेशन’ला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलं होतं! त्यावर एक गोळा पडला, त्यावरून ज्वाळा गुराबांवर आणि गलबतांवर, आणि सारं आरमार जळून गेलं. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती, इंग्रजांच्या जोडीने. लेकीने विचारलं, “म्हणजे आपण कोणत्या बाजूला, आजोबा?” आप्पांनी बराच वेळ सुपारी कातरली. त्या पत्त्याला कोणता पत्ता जोडायचा ते आमच्याकडे अजून ठरलेलं नाही, तो आला की डाव तिथेच थांबतो.

एक पत्ता मी गुपचूप पेटीतून काढून ठेवला होता. ‘भारताची पहिली विमानवाहू नौका आज कुठे पाहता येते?’ उत्तर: मुंबई. छापणाऱ्यांनी जुन्या माहितीवरून छापलं असणार. १९४५ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने पाण्यात उतरलेली, युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेली ही नौका भारताने घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ‘विक्रांत’ म्हणून नौदलात आली. १९७१ ला बंगालच्या उपसागरात होती. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय. आमच्या लग्नानंतर आप्पांनी मला तिथे नेलं होतं. इतर लोक विमानं बघत होते, हे मला खालच्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह दाखवत होते. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं, २०१४ मध्ये ती मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडण्याच्या जागी, तोडायला गेली. तिच्या पोलादाचा अंश वापरून बजाजने ‘व्ही’ मोटारसायकल काढली. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे ती आहे.

काढलेला पत्ता आप्पांना सापडलाच. त्यांनी वाचला, उत्तर खोडलं नाही, मागे फक्त लिहिलं: ‘पार्किंग, डावीकडून तिसरी.’ सध्या तो पत्ता आमच्याकडे हुकमाचा आहे, कशालाही जोडता येतो.

बाकी छपाईबद्दल थोडक्यात. चित्रं सुरेख, विशेषतः शिडांच्या जहाजांची. कागद मात्र गुळगुळीत आणि पावसाळ्यात एकमेकांना चिकटतो. डोंबिवलीच्या जुलैत आमचे ४० एक पत्ते जोडीने निघाले. टाल्कम पावडर भुरभुरली की सुटतात. पेटीचं झाकण तिसऱ्या महिन्यात फाटलं, आता सगळं स्टीलच्या फराळाच्या डब्यात आहे. भारताचे पत्ते ३०० त जेमतेम ९, इंग्लंड-अमेरिकेचे निम्म्याहून जास्त. जपान, रशिया बरे आहेत. जपानची ‘मिकासा’ आणि रशियाची ‘अरोरा’ दोघी १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत समोरासमोर होत्या आणि दोन्ही आज संग्रहालयं आहेत, हे मला इथेच कळलं. पाणबुड्यांचा गठ्ठा अगदी पातळ. दहा वर्षांखालच्या मुलांना इंग्रजी जड जाईल, मोठ्या माणसाने मराठीत सांगत खेळावं लागतं. ‘फ्रिगेट’ला काय म्हणायचं यावर आम्ही डोकं लावणं सोडून दिलंय.

दहा कोऱ्या पत्त्यांपैकी एकच उरलाय. शेवटचा भरला तो आप्पांनी, परवा: ‘कधीच समुद्रात न गेलेलं जहाज कोणतं?’ लेकीने आधी ‘वासा’ म्हटलं, मग म्हणाली ती निदान १३०० मीटर तरी गेली. मग बांधता बांधता सोडून दिलेली चार-पाच नावं. आप्पा नुसते मान हलवत होते. उत्तर ‘आयएनएस आंग्रे’: मुंबईतला नौदलाचा तळ, दगडविटांचा, पण नौदलाच्या रिवाजाने त्याचं नाव जहाजाचं. लोणावळ्याचं ‘शिवाजी’ तसंच, मालाडचं ‘हमला’ तसंच. १९४६ चा नाविकांचा उठाव ज्या ‘तलवार’वर सुरू झाला तीही कुलाब्यातली इमारतच होती, आणि पेटीतल्या पत्त्यावर तिचं चित्र म्हणून तीन नळकांड्यांची बोट छापलीय. ते चित्र खोडायचं कसं, यावर सध्या चर्चा चालू आहे.