नवा पॉवर सप्लाय, जुन्या वायरी: सात महिन्यांनंतर

आधी त्या निळ्या दिव्याचं सांगतो, कारण सात महिने तोच डोळ्यांत खुपतोय. माझ्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या (वेगवेगळी मॉड्यूलं वायरींनी जोडून वाजवायचं वाद्य) सप्लायवर तीन एलईडी आहेत. +१२ आणि −१२ व्होल्टचे ठीक, पण +५ चा असा पेटतो की अंधारात वाजवायला बसलं तर भिंतीवर पॅच केबलींच्या सावल्या पडतात. आणि माझ्या केसमध्ये +५ लागणारं मॉड्यूल एकही नाही! आता त्यावर काळी चिकटपट्टी आहे.

जुना सप्लाय +१२ वर १ अँपिअरचा. मॉड्यूलांची बेरीज ९४० मिलिअँपिअर, म्हणजे कागदावर बसत होतं. पण स्विच टाकताक्षणी सगळे कपॅसिटर एकदम भरायला लागतात, तेव्हाची ओढ या बेरजेत नसते. सप्लाय टिक-टिक करत चालू-बंद व्हायचा. दोन मॉड्यूलांच्या रिबन (वीज आणणाऱ्या चपट्या वायरी) काढून ठेवून मी महिनाभर भागवलं, मग नाइलाजाने नवा घेतला: +१२ वर ३ अँपिअर, −१२ वर २. पहिल्या झटक्यात चालू. बस बोर्ड (मॉड्यूलांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या, एक वर, एक खाली) आणि त्यांच्या वायरी मात्र जुन्याच ठेवल्या. धडधाकट वायरी फेकायच्या कशाला?

करंट उरला म्हणून खालच्या बोर्डवर दिव्यांनी भरलेलं एक डिजिटल मॉड्यूल बसवलं. आणि त्याच बोर्डवरचा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं मॉड्यूल, बेसूर व्हायला लागला. हळूहळू सरकला असता तर तापमानावर ढकललं असतं. हा मॉड्यूलचे दिवे पेटले की लगेच दहाएक सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) ढळायचा आणि विझले की गुमान सुरावर यायचा.

दोष नव्या सप्लायचाच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. विक्रेत्याला तीन मेल लिहिल्या, तिसरी जरा तिखटच. दर वेळी एकच उत्तर: दोन्ही बोर्डांच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकांमध्ये, किती मिलिव्होल्ट येतात ते मोजा. मला ही टोलवाटोलवी वाटली. सप्लायच्या तोंडाशी १२.०२ व्होल्ट येत होते, अजून काय मोजायचं?

शेवटी मोजलं, ते त्यांना खोटं पाडायला. दिवे विझलेले असताना जेमतेम १ मिलिव्होल्ट, पेटल्यावर १०. ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजवर ठरतो: एका ऑक्टेव्हला (१२०० सेंट) १ व्होल्ट, म्हणजे एका सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट. वाढलेल्या ९ चे जवळपास ११ सेंट! पिचचा व्होल्टेज वरच्या बोर्डवरून येतो, ऑसिलेटर खालच्या बोर्डवर. खालच्या मॉड्यूलचा ३०० मिलिअँपिअर करंट ग्राउंडच्या वायरीतूनच परत जातो, आणि माझी ती वायर २२ गेजची, म्हणजे बारीक, आणि ६० सेंटीमीटर लांब. तिचा रोध जेमतेम ०.०३ ओहम, पण ९ मिलिव्होल्टला तेवढा पुरतो.

१६ गेजच्या जाड वायरी आणल्या, प्रत्येक बोर्डला वेगळी, लांबी निम्मी. आता दिवे पेटले तरी मीटर एखाद्याच मिलिव्होल्टने हलतो. (पुन्हा जोडताना रिबनची लाल पट्टी −१२ कडे आहे ना, हे मी तीनदा पाहिलं. तुम्हीही पाहा.)

तेव्हापासून तक्रार नाही. चार-चार तास चालवूनही सप्लाय फक्त कोमट होतो, गुणगुण शून्य. आधी दोन तारे देणार होतो, आता साडेचार देतो. अर्धा त्या निळ्या दिव्याचा कापलाय. विक्रेत्याच्या शेवटच्या मेलला उत्तर लिहायचं अजून राहिलंय.