फ्लेक्स की लाय? एचिंगच्या टाकीत कॉस्टिक भरण्याआधी

ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर चढवण्याचा, छोटा प्लांट टाकताय. त्याआधी एचिंगच्या टाकीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने ॲल्युमिनियमचा वरचा थर थोडा झिजवतात. सप्लायर विचारतोय, हे कॉस्टिक फ्लेक्समध्ये (कोरडे पापुद्रे) देऊ की लाय (पाण्यात विरघळवलेलं तयार कॉस्टिक)? दराचं नंतर बघा. टाकीत ते ओतणार कोण आणि कसं, हे आधी ठरवा.

1000 लिटरच्या टाकीला लिटरमागे 50 ग्रॅम धरले तर फ्लेक्सची 50 किलोची एक गोण लागते. तेवढंच कॉस्टिक 48 टक्के लायमधून हवं तर साधारण 70 लिटर, म्हणजे शंभरेक किलो वजन हलवायचं.

फ्लेक्सची भीती उष्णतेची. गोणभर माल हजार लिटरमध्ये नीट विरघळला तर पाणी जेमतेम 13 अंशांनी तापतं. पण कंटाळून अख्खी गोण उपडी केली की ढीग तळाशी बसतो, तिथलं पाणी उकळतं आणि उसळी तोंडावर येते. टाकी आधीच 60 अंशांवर असेल तर विचारूच नका. म्हणून गार पाण्यात, थोडं थोडं, ढवळत टाकायचं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. गोण फाडताना उडालेली पूड घामेजलेल्या मनगटावर, कॉलरखाली बसते. आधी आग होईलच असं नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. तो साबण आपल्याच कातडीतल्या चरबीचा होत असतो.

लायला विरघळवायची कटकट नाही, ती पाण्यात तापतेही कमी. पण सांडली की पसरते. कॅनला नळी लावून तोंडाने ओढणारे महाभाग मी पाहिलेत! कॉस्टिकला चालणारा पंप आणि साठ्याभोवती बांध नसेल तर लाय घेऊच नका. नाशिक-निफाडकडच्यांना आणखी एक त्रास: 10-12 अंशांच्या आसपास ही लाय गोठू लागते. जानेवारीत पहाटे लाइन चोक होते, कोणीतरी जोड सोडतो आणि आत अडकलेला माल अंगावर येतो.

पंधरवड्याला एखादी गोण लागत असेल तर माझं मत फ्लेक्सच्या बाजूने. रोजचा खप असेल तर पंप बसवून लाय.

गॉगल, त्यावर फेसशील्ड, रबरी ॲप्रन, लांब हातमोजे दोन्हीकडे लागतातच. पँट बुटाच्या बाहेर. ॲल्युमिनियमचं घमेलं किंवा जस्ताची बादली नको, हायड्रोजन सुटतो. डोळ्यात उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका. लगेच वाहत्या पाण्याखाली, अर्धा तास तरी, मग थेट दवाखाना. तो नळ टाकीपासून दहा पावलांत हवा. डोळे मिटून तिथपर्यंत जाता येतं का, आजच चालून बघा.