किनाऱ्यावरून कॅटमरान पाण्यात: ट्रॉली, रूळ की चार माणसं?

जुनी कॅटमरान, म्हणजे दोन तळांची शिडाची होडी, परवडेल अशा भावात मिळाली की पहिला अडसर समुद्राचा नसतो, वाळूचा असतो. होबी १६ या कॅटमरानचंच उदाहरण घ्या. लांबी ५ मीटरच्या किंचित वर, रुंदी २.४ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. चौघांनी उचलली तरी माणशी ३६ किलो, आणि पाय मऊ वाळूत रुतलेले. किनाऱ्यावरून सोडता यावी अशीच ही होडी बनवलेली आहे: तळाला पातं नाही आणि जमीन लागली की सुकाणं वर उचलली जातात. पण पाण्यापर्यंत न्यायची कशी, ते मालकाने पाहायचं.

मी आमची होडी उचलून, रुळांवरून आणि ट्रॉलीवरून अशा तिन्ही प्रकारांनी नेली आहे. माझं सांगणं एवढंच, की जातानाचा विचार करून निवड करू नका, परतीचा करा. सकाळी भरती असते, हात लावायला माणसं असतात. दुपारी खाऱ्या वाऱ्यावर तीन तास घालवून तुम्ही परत येता तेव्हा ओहोटी लागलेली असते, मदतनीस जेवायला गेलेले असतात आणि चढण पुढे असते. मुरूड-कर्द्यासारख्या सपाट पुळणीवर तर पाणी बरंच आत गेलेलं असतं.

उचलणं आणि ओढणं

चार माणसं हमखास मिळत असतील तर उचलून नेण्यासारखं स्वस्त काही नाही. पण एखादा कमी पडला की उचलण्याचं ओढणं होतं, आणि ते महागात पडतं. वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. फायबरचा तळ नेमका कण्याच्या रेषेवर झिजतो, आतला थर दिसू लागतो आणि मग पाणी शिरतं. तो तळ पुन्हा भरून घेण्याचा खर्च ट्रॉलीच्या खर्चाशेजारी मांडून बघा. साचातून काढलेल्या प्लास्टिकच्या होड्या थोडं जास्त सोसतात, पण झिजतात त्याही.

रूळ

ओंडक्यांवरून होडी वर घेणं किनाऱ्यावर कुणाला नवीन नाही. आपल्यासाठी ११० मिमीचे पीव्हीसी पाइप पुरतात. ३ मीटर लांबीचा पाइप दोन्ही तळांखाली बसतो, असे तीन-चार घ्यावेत. टोकांना टोपणं घट्ट बसवा, नाहीतर आत वाळू भरून पाइप जड होतो. ओल्या, घट्ट वाळूवर हे छान चालतं. कोरड्या वाळूत पाइप फिरायचा थांबतो आणि समोर वाळूचा बांध साठवतो. खाली फळ्या टाकून तो त्रास कमी होतो, पण फळ्याही पुढे नेत राहायला हव्यात. मागे सुटलेला पाइप उचलून पुढे लावायला एक माणूस कायम लागतो, म्हणजे एकट्याचं हे काम नाही. हवेने फुगवायचे जाड रूळ मऊ वाळूत जास्त चांगले, पण शंख-शिंपल्यांनी पंक्चर होतात.

ट्रॉली

इथे पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे नीट समजून घ्या. हातगाडीची किंवा स्कूटरची चाकं लावून ट्रॉली करण्याचा मोह होतो. मीही केली होती; कोरड्या वाळूत ती दहा पावलांत रुतली. कारण साधं आहे. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर १४५ किलो पेलायला प्रत्येक चाकाला साधारण ३४ चौरस सेंटिमीटर जागा पुरते, म्हणजे दोन काडेपेट्यांएवढी. ३ पौंड हवेच्या फुगीर चाकाखाली तीच जागा दहापट होते, दोन उघड्या पंजांएवढी. इतक्या जागेवर वजन पसरलं की वाळू ते झेलते. (टायर कडक असला तर आकडे थोडे हलतात, पण फरक एवढाच मोठा राहतो.)

म्हणून फुगीर, कमी दाबाची चाकं विकतच घ्या. ती महाग आहेत, बहुधा बाहेरून मागवावी लागतात. जुनी मिळाली तर सोडू नका. बाकी सगळं गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून होतं. आस गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस पाइपचा करा. बॉल बेअरिंग नको, खारं पाणी लागून ते जाम होतं. नायलॉनचा बुश बरा. पाळण्यांचं, म्हणजे ट्रॉलीवर तळ ज्यांत बसतात त्या खोबण्यांचं, माप आपल्याच होडीच्या तळावरून घ्या, कारण या होडीचा तळ केळ्यासारखा वळलेला असतो. आत जाड फोम किंवा जुनं कार्पेट चिकटवा. आस तोलाच्या जागेच्या जरा मागे आला की नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) थोडाच भार उरतो आणि एकटा माणूस घट्ट वाळूवर होडी ओढू शकतो. मऊ चढणीवर मात्र दोघे लागतातच.

एक धोका ध्यानात असू द्या: ही चाकं तरंगतात. होडी सोडल्यावर ट्रॉली पाण्याच्या कडेला ठेवलीत तर भरती ती घेऊन जाईल. शेवाळ-काटक्यांच्या रेघेच्याही वर नेऊन ठेवा.

कुणी काय घ्यावं

होडी भरतीच्या रेघेजवळच राहत असेल, वाळू घट्ट असेल आणि तिघांचं टोळकं ठरलेलं असेल, तर पाइप घ्या आणि उरलेले पैसे शिडाला, दोरांना ठेवा. होडी वाडीत, रस्त्यापलीकडे राहत असेल किंवा तुम्ही बहुतेक वेळा एकटे किंवा दोघेच असाल, तर पहिल्या हंगामातच ट्रॉली करा, शीड जुनं राहिलं तरी चालेल.

आणि काहीही घेतलंत तरी होडी नेताना नाळ वाऱ्याकडे ठेवा आणि शीड पाण्याजवळ पोचल्यावरच चढवा. वाळूत शीड भरलं तर होडी ट्रॉलीसकट आडवी होते. उन्हात ट्रॉली सोडून जाणार असाल तर चाकांतली थोडी हवा काढा, आणि घरी आल्यावर आस गोड्या पाण्याने धुवा.